पदकं डाव्या छातीवर: महिला माजी सैनिकांचा हिशोब नेमका कुठे अडतो?

७ मे २०२५ची सकाळ आठवत असेल. ऑपरेशन सिंदूरची माहिती देशाला देण्यासाठी परराष्ट्र सचिवांच्या दोन बाजूंना दोन अधिकारी बसल्या होत्या: लष्कराच्या कर्नल सोफिया कुरेशी आणि हवाई दलाच्या विंग कमांडर व्योमिका सिंह. दिवसभर त्यांचेच फोटो फिरत होते, आणि आमच्या घरच्या ग्रुपवरही कोणीतरी लिहिलं होतं, 'आपल्या मुली!'

त्यानंतर दोनच दिवसांनी, ९ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयात एक प्रकरण सुनावणीला आलं. लष्करातल्या काही महिला अधिकाऱ्यांची मुदत संपत आली होती. पुढे कायम होण्यासाठीचा त्यांचा अर्ज नाकारला गेला होता आणि त्याविरुद्ध त्या कोर्टात गेल्या होत्या. न्यायालयाने सांगितलं की पुढच्या तारखेपर्यंत यांना नोकरीतून सोडू नका, अशा वेळी यांचं मनोधैर्य खचू देऊ नका. ही बातमी फार कोणी फॉरवर्ड केली नाही. ती समजायला अवघड होती हेही त्याचं एक कारण. शॉर्ट सर्व्हिस, परमनंट कमिशन, सिलेक्शन बोर्ड हे शब्द कानावरून जातात, पण त्यांचा अर्थ सहसा कोणी उलगडून सांगत नाही.

तो उलगडून सांगावा असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं. त्याचं कारण एका मेळाव्यात पाहिलेला प्रसंग.

माजी सैनिकांचा मेळावा होता. पुढच्या खुर्च्या माजी सैनिकांसाठी आणि डाव्या हाताची रांग वीरमाता-वीरपत्नींसाठी राखून ठेवलेली. साध्या सुती साडीतल्या, पन्नाशीच्या एक बाई आल्या. छातीवर पदकांची छोटी पट्टी होती. दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवक मुलाने अगदी आदराने हात जोडले आणि म्हणाला, "ताई, वीरपत्नी त्या बाजूला बसल्यात, या." बाई थांबल्या. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाळा, पदकं कुठल्या बाजूला आहेत बघ."

मुलाला काही कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कळलं नव्हतं. नंतर त्यांनीच समजावलं. स्वतः मिळवलेली पदकं डाव्या छातीवर लावतात. शहीद झालेल्या नवऱ्याची, मुलाची किंवा वडिलांची पदकं घरच्यांनी लावायची असतील तर ती उजव्या बाजूला. त्यांची डावीकडे होती. त्या स्वतः मेजर होत्या.

त्या मुलाची यात काही चूक नाही. आपल्या भाषेत सैन्याशी नातं असलेल्या बाईसाठी वीरमाता आहे, वीरपत्नी आहे, वीरनारी आहे. हे सगळे शब्द दुसऱ्या कोणाच्या सेवेवरून आलेले. जिने स्वतः वर्दी घातली आणि उतरवली तिच्यासाठी वेगळा शब्द नाही. 'माजी सैनिक' म्हटलं की डोळ्यांसमोर मिशीवाले काकाच येतात.

कमिशन म्हणजे काय?

इथलं कमिशन दलालाच्या कमिशनपेक्षा वेगळं. सैन्यात अधिकारी म्हणून नेमणूक होते तिला कमिशन म्हणतात. जवानांची भरती होते, अधिकाऱ्यांना राष्ट्रपतींच्या वतीने कमिशन मिळतं. त्याचे मुख्य दोन प्रकार.

परमनंट कमिशन म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत नोकरी. शॉर्ट सर्व्हिस कमिशन म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी. सध्या लष्करात ती दहा वर्षांची असते आणि आणखी चार वर्षं वाढवता येते. म्हणजे जास्तीत जास्त चौदा.

आता दुसरा आकडा लक्षात ठेवा. अधिकाऱ्याला पेन्शन मिळायला साधारणपणे वीस वर्षांची सेवा लागते. वीस वर्षं झाली की शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन जन्मभर. वीस भरली नाहीत तर ग्रॅच्युइटी म्हणून एकरकमी पैसे हातात पडतात आणि तिथे हिशोब संपतो.

चौदा आणि वीस. सगळी भानगड या दोन आकड्यांमधल्या सहा वर्षांची आहे.

एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसणारे दोन कारकून डोळ्यांसमोर आणा. काम एक, साहेब एकच, बदल्याही सारख्याच. दोघेही मुदतीवर लागलेले. दहाव्या वर्षी साहेब पहिल्याला बोलावून विचारतात, "कायम व्हायचंय का? अर्ज कर." दुसरीला कोणी विचारतच नाही, कारण तिच्या नेमणुकीच्या कागदात तो रकानाच छापलेला नाही. चौदाव्या वर्षी तिला निरोप दिला जातो. सत्कार होतो, फोटो निघतो. पहिला पुढे सहा वर्षं भरतो आणि पेन्शनीला जातो.

शॉर्ट सर्व्हिसचे पुरुष अधिकारीही होते आणि आहेत. पण त्यांच्यापुढे कायम होण्यासाठी अर्ज करण्याची वाट होती. बहुतेक शाखांमधल्या बायकांपुढे ती कित्येक वर्षं नव्हती. लढाई या एवढ्याशा फरकावर झाली.

तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी लागलेली बाई चौदा वर्षांनी बाहेर पडते तेव्हा ती सदतीस-अडतीस वर्षांची असते. मुलं शाळेत असतात. बाहेरच्या कंपन्यांना तिचा अनुभव नेमका कुठे बसवायचा ते समजत नाही, आणि सरकारी नोकरीची वयोमर्यादा गाठत आलेली असते. सैन्याच्या कागदावर तर ती 'रिटायर'सुद्धा होत नाही, 'रिलीज' होते.

बायका सैन्यात आल्या कधी?

१९९२ मध्ये, असं उत्तर बहुतेक जण देतात. ते अर्धवट आहे.

२८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. हिंदुस्थानातल्या लष्करी दवाखान्यांमधली शुश्रूषा शिस्तीत आणणं हे त्यांचं काम. आजच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची सुरुवात तिथून धरतात. १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या वेळी, भारतीय परिचारिका तिच्यात दाखल होऊ लागल्या. १ ऑक्टोबर १९२६ला ती सेवा लष्कराचा कायमचा भाग झाली. म्हणजे आपल्या सैन्यात बायका शंभरहून जास्त वर्षांपासून आहेत. फक्त त्यांना 'सैनिक' म्हणायचं की 'सिस्टर', हा घोळ संपलेला नाही. त्याकडे पुढे येतेच.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअर उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती गुंडाळण्यात आली. १९४३ मध्ये सिंगापुरात नेताजींनी झाशीची राणी रेजिमेंट उभी केली, तिच्या प्रमुख कॅप्टन लक्ष्मी. तिचं नाव आपण अभिमानाने घेतो, पण त्या बायका स्वतंत्र भारताच्या सैन्यात आल्या नाहीत. १९५०च्या आर्मी अॅक्टच्या कलम १२ने स्पष्टच सांगितलं की सरकारने अधिसूचना काढून ज्या शाखा खुल्या केल्या असतील, त्या सोडून बायकांना सैन्यात घेता येणार नाही.

ती अधिसूचना निघायला १९९२ साल उजाडलं. मधली बेचाळीस वर्षं डॉक्टर आणि नर्स सोडल्या तर कोणी नाही. ३० जानेवारी १९९२ला पाच शाखा खुल्या झाल्या. त्यात लष्कराची कायदा शाखा, शिक्षण शाखा आणि पुरवठ्याचे काही विभाग होते. वर्षअखेरीला सिग्नल्स (म्हणजे संदेशवहन), इंजिनिअर्स वगैरे आणखी शाखा आल्या. मार्च १९९३ मध्ये चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून पंचवीस जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यातल्या प्रिया झिंगन यांचा कॅडेट क्रमांक ००१. मुलींना सैन्यात का घेत नाही, असं विचारणारं पत्र त्यांनी थेट लष्करप्रमुख जनरल रॉड्रिग्ज यांना लिहिलं होतं. कायदा शाखेत दहा वर्षं काम करून त्या मेजर म्हणून बाहेर पडल्या.

सुरुवातीची नेमणूक फक्त पाच वर्षांची होती. मग ती थोडी थोडी वाढवत नेली. घरमालक दर अकरा महिन्यांनी करार नवा करतो तसं. माणूस त्याच घरात पंधरा वर्षं राहतो, पण घर त्याचं होत नाही.

कोर्टात नेमकं काय झालं?

२००३ मध्ये अॅड. बबिता पुनिया यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पुढे लष्कर आणि हवाई दलातल्या महिला अधिकारीही आल्या. मधल्या काळात, २००८ मध्ये, सरकारने कायदा आणि शिक्षण या दोन शाखांमध्ये परमनंट कमिशन दिलं, पण पुढे भरती होणाऱ्यांना. आधीपासून राबणाऱ्या बाहेरच राहिल्या.

१२ मार्च २०१०ला उच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि तो बायकांच्या बाजूने लागला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की उच्च न्यायालयाच्या निकालाला आम्ही स्थगिती दिलेली नाही. तरीही लष्करात त्याची अंमलबजावणी झाली नाही. दरवर्षी कोणाची ना कोणाची चौदा वर्षं भरत होती आणि ती घरी जात होती. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त लागलं ते हेच. हातात जिंकलेला निकाल आहे आणि सेवेचं घड्याळ मात्र चालूच.

१७ फेब्रुवारी २०२०ला न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने अंतिम निकाल दिला. बायकांना खुल्या असलेल्या दहाही शाखांमधल्या महिला अधिकाऱ्यांचा परमनंट कमिशनसाठी विचार करा. ज्या सेवेत आहेत त्यांची चौदा वर्षं उलटून गेली असली तरी करा. चौदापेक्षा जास्त वर्षं सेवा झालेल्या ज्या कायम होणार नाहीत, त्यांना वीस वर्षं पूर्ण करू द्या, म्हणजे पेन्शन मिळेल. आणि बाई आहे म्हणून तुकडीचं नेतृत्व सरसकट नाकारू नका.

त्या वेळी लष्करात १,६५३ महिला अधिकारी होत्या, म्हणजे एकूण अधिकाऱ्यांच्या चार टक्क्यांच्या आसपास. सरकारने न्यायालयात मांडलेल्या मुद्द्यांमध्ये एक असा होता की जवान बहुतांशी ग्रामीण भागातले असतात, बाईचा हुकूम मानण्याची त्यांच्या मनाची तयारी नसते. न्यायालयाने तो फेटाळला. निकालपत्रात महिला अधिकाऱ्यांच्या कामगिरीची उदाहरणंच दिली. त्यात एक नाव होतं लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांचं. २०१६ मध्ये पुण्यात अनेक देशांच्या सैन्यांचा 'एक्सरसाइज फोर्स १८' हा सराव झाला, तिथे भारतीय तुकडीचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. निकालानंतर पाच वर्षांनी देशाने ज्यांना टीव्हीवर पाहिलं त्या याच. ग्रामीण जवानांबद्दलच्या मुद्द्याचं मला वाईट वाटतं ते आणखी एका कारणाने. आपल्या साताऱ्या-कोल्हापूरकडच्या पोरांबद्दलच ते बोलणं होतं. घरी आजीचा आणि आईचा शब्द मोडायची ज्यांची छाती होत नाही, ती पोरं.

महिन्याभरात, १७ मार्च २०२०ला, नौदलाबाबतही असाच निकाल आला.

निकाल लागला, मग पुन्हा भांडण कशाचं?

हा भाग किचकट आहे, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

२०२०च्या निकालानंतर लष्कराने निवड मंडळ बसवलं. कायम कोणाला करायचं हे ठरवायला दोन गोष्टी पाहिल्या: वार्षिक गोपनीय अहवाल, ज्याला सैन्यात सगळे एसीआर म्हणतात, आणि वैद्यकीय तंदुरुस्ती. ऐकायला सरळ आहे. दोन्ही कसोट्या पुरुषांनाही लागतातच.

आता शाळा आठवा. गणित, विज्ञान यांचे गुण टक्केवारीत धरले जायचे. चित्रकला, कार्यानुभव यांना नुसती श्रेणी. ती बेरजेत नाही हे मास्तरांना माहीत असायचं, म्हणून ते सगळ्या वर्गाला 'ब' देऊन मोकळे व्हायचे. आपणही मनावर घ्यायचो नाही. समजा पंधरा वर्षांनी कोणी सांगितलं की तुमची नोकरी त्या चित्रकलेच्या श्रेणीवर ठरणार आहे, तर?

महिला अधिकाऱ्यांच्या एसीआरचं तसंच झालं. ही पुढे कायम होणारच नाही, मग हिला वरची श्रेणी देऊन उपयोग काय, ती ज्याला कायम व्हायचंय त्याला देऊ, असा विचार वर्षानुवर्षं होत राहिला. कायम होण्यासाठी उपयोगी पडणारे अभ्यासक्रम आणि नेमणुका त्यांच्या वाट्याला आल्याच नाहीत. आणि मग तेच जुने अहवाल काढून त्यांची तुलना कायम झालेल्या पुरुषांशी केली गेली.

तंदुरुस्तीचं त्याहून विचित्र. सैन्यात 'शेप' नावाची पद्धत आहे: मन, कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि डोळे, या पाचांची श्रेणी. पुरुषांची ही तपासणी कायम होताना, म्हणजे पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, तिशीच्या आगेमागे झाली होती. बायकांना तो हक्कच उशिरा मिळाला, म्हणून त्यांची तपासणी चाळिशी ओलांडल्यावर. पंचविशीतली शर्यत पंचेचाळिशीत धावायला लावल्यासारखं. त्यांच्याच तुकडीतले पुरुष सहकारी त्या वयात तेवढेच तंदुरुस्त आहेत का, हे कोणी विचारलं नाही, कारण ते आधीच कायम झाले होते.

२५ मार्च २०२१ला लेफ्टनंट कर्नल नितिशा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. म्हणजे नियम वरून सगळ्यांना सारखा दिसतो, पण आधीच्या अन्यायामुळे त्याचा फटका एकाच गटाला बसतो. न्यायालयाने सांगितलं की तंदुरुस्ती पाहायची तर त्यांच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षीची पाहा, आणि साठ टक्के गुण असतील तर पुरुषांशी तुलना न करता विचार करा.

हवाई दलातल्या ज्या आधीच घरी गेल्या होत्या त्यांचं काय? १९९३ ते १९९८ या काळात लागलेल्या बत्तीस जणी २००६ ते २००९च्या दरम्यान बाहेर पडल्या होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की त्यांना परत घेता येणार नाही, मधल्या वर्षांचा पगारही नाही, पण त्यांनी वीस वर्षं पूर्ण केली असं समजून पेन्शन द्या. शेवटचा दिवस येऊन गेल्यावर तेरा ते सोळा वर्षांनी त्या पेन्शनर झाल्या.

'करार माहीत होता की, मग तक्रार कसली?'

हा प्रश्न मला घरातूनच विचारला गेला आणि तो प्रामाणिक आहे. सही करताना मुदत लिहिलेली होती, कोणी फसवलं नव्हतं.

शॉर्ट सर्व्हिसमागे विचारही चुकीचा नाही. सैन्याची रचना शंकूसारखी असते. खाली तरुण अधिकारी भरपूर लागतात आणि वर कर्नलच्या पुढे जागा मोजक्या. सगळ्यांना कायम केलं तर मधल्या फळीत गर्दी होते. म्हणून काहींनी दहा-चौदा वर्षांनी बाहेर पडावं, ही सोय सगळ्यांच्याच हिताची आहे. न्यायालयानेही ती मोडली नाही.

पण करारात समोरच्या बाजूला काय उभं होतं ते पाहा. त्याच वर्षी, त्याच अकादमीतून निघालेल्या मुलाच्या करारात पुढे कायम होण्याचा मार्ग होता. मुलीच्या करारात नव्हता आणि मागितला तरी मिळणार नव्हता. जिथे दुसरा पर्यायच ठेवलेला नाही तिथे 'तिने स्वीकारलं' या म्हणण्याला फारसा अर्थ राहत नाही. आणि सरकार हे काही खाजगी मालक नाही. संविधानाच्या १४व्या कलमातली समानता त्याच्या प्रत्येक कराराला लागू होते.

'पण त्या लढाईत कुठे असतात?'

पायदळ, रणगाडा दल आणि यांत्रिक पायदळ या शाखा लष्करात महिला अधिकाऱ्यांना खुल्या झालेल्या नाहीत. त्या झाल्या पाहिजेत का, हा वेगळा वाद आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसं आहेत. इथे तुलना पायदळातल्या पुरुषाशी नाहीच. सिग्नल्समधल्या बाईची तुलना सिग्नल्समधल्या पुरुषाशी आहे. तोही पायदळात नव्हता, तरी कायम झाला.

आणि धोका शाखा विचारून येत नाही. कारगिलच्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना चीता हेलिकॉप्टर घेऊन त्या भागात जात होत्या. त्याही शॉर्ट सर्व्हिसच्याच. मेजर मिताली मधुमिता शिक्षण शाखेच्या, काबूलमध्ये इंग्रजी शिकवायला गेलेल्या. २६ फेब्रुवारी २०१०ला तिथल्या भारतीयांच्या मुक्कामावर आत्मघातकी हल्ला झाला, तेव्हा त्या निःशस्त्र धावत तिथे पोचल्या आणि ढिगाऱ्याखालून माणसं बाहेर काढायला लागल्या. शौर्यासाठी सेना मेडल मिळालेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी. इंग्रजीच्या शिक्षिका.

मग कायद्याच्या भाषेत 'माजी सैनिक' कोण?

सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी केंद्राचे १९७९चे नियम आहेत. त्यांचं सार असं: लष्कर, नौदल किंवा हवाई दलात कोणत्याही हुद्द्यावर सेवा केलेली आणि पेन्शन मिळवून बाहेर पडलेली व्यक्ती. किंवा सेवेमुळे झालेल्या आजारपणाने, अपंगत्वाने बाहेर काढलेली. किंवा ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडलेली, मात्र स्वतःहून मध्येच सोडलेली किंवा गैरवर्तनासाठी काढलेली नको.

यात पुरुष असण्याची अट कुठेच नाही. म्हणजे चौदा वर्षं भरून आलेली शॉर्ट सर्व्हिसची अधिकारी पेन्शनर नसली तरी माजी सैनिक आहेच. ओळखपत्रासाठी तिने आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद करायची असते. हे तिलाही बऱ्याचदा माहीत नसतं, कारण बाहेर पडताना समजावून सांगणारं कोणी भेटत नाही. माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून आहे, पण पेन्शन नसलेल्या शॉर्ट सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना, पुरुष असोत वा बायका, ती खुली झाली २०१९ मध्ये.

मेळाव्यातल्या त्या मेजर बाईंनी ओळखपत्राचा किस्सा सांगितला. अर्ज भरताना एका रकान्यात लिहिलं होतं 'पत्नीचे नाव'. त्यांनी तो शब्द खोडला, 'पती' लिहिलं आणि पुढे नवऱ्याचं नाव घातलं. खिडकीवरच्या माणसाने खाडाखोड चालत नाही म्हणून अर्ज परत केला. दुसऱ्या कोऱ्या अर्जावर त्यांनी 'पत्नीचे नाव' यापुढे नवऱ्याचं नाव जसंच्या तसं लिहिलं. तो अर्ज मंजूर झाला. नवरा कॉलेजात प्राध्यापक आहेत, ते आजही घरी याची आठवण काढून हसतात. बाई हसल्या नाहीत.

आणि आता त्या 'सिस्टर'चा घोळ. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस ही १९४३च्या अध्यादेशावर चालणारी, संपूर्ण महिलांची सेवा. त्यांना लेफ्टनंटपासून मेजर जनरलपर्यंत हुद्दे असतात. पण अध्यादेशात ही सेवा 'सहायक दल' म्हटलेली असल्यामुळे, तुम्ही नियमित लष्करात नव्हता, म्हणून माजी सैनिकही नाही, असं उत्तर त्यांना भरतीच्या वेळी मिळत आलं. एप्रिल २०२५ मध्ये पंजाबातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिथल्या नियमांनुसार नर्सिंग सेवेतली अधिकारी माजी सैनिकच आहे. १८८८ पासून मोजा म्हणजे किती वर्षं लागली ते कळेल.

पुढे काय बदलतंय?

बरंच. २०२३च्या सुरुवातीला एकशे आठ महिला अधिकाऱ्यांची कर्नल पदासाठी निवड झाली. कर्नल हा लष्करातला पहिला हुद्दा जो नुसत्या वर्षांवर मिळत नाही, निवड होऊन मिळतो, आणि त्याच्याबरोबर तुकडीचं नेतृत्व येतं. एप्रिल २०२३ मध्ये तोफखान्यात पहिल्या पाच जणी गेल्या. मे २०२५ मध्ये पुण्याच्या खडकवासल्याहून, एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. एनडीएतून जाणाऱ्यांना सुरुवातीपासूनच परमनंट कमिशन असतं, त्यामुळे चौदा-वीसचा घोळ या मुलींना नाही.

मला काळजी वाटते ती जवानांच्या पातळीवर दाखल झालेल्या मुलींची. मे २०२१ मध्ये बेंगळुरूला लष्करी पोलीस दलात त्र्याऐंशी मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. त्यानंतर जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि पुढची भरती अग्निवीर म्हणून होऊ लागली. मुदत चार वर्षं, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे घेतात, मुलगा असो वा मुलगी. बाकीच्यांना सेवा निधीची एकरकमी रक्कम मिळते. योजनेच्या अटींमध्ये त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

ओडिशातल्या आयएनएस चिल्का तळावरून मार्च २०२३ मध्ये नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी प्रशिक्षण संपवून निघाली, त्यात २७३ मुली होत्या. २०२२च्या अखेरीला त्या भरती झाल्या, म्हणजे २०२६च्या अखेरीला त्यांची चार वर्षं भरतात. ज्यांना पुढे घेतलं जाणार नाही त्या पंचविशीच्या आसपास गावी परततील. त्यांनी वर्दी घातली, परेड केली, जहाजांवर आणि तळांवर ड्यूटी केली. डाव्या छातीवर लावायला त्यांच्याकडे काही असेलही. पण मेळाव्यात माजी सैनिकांसाठी राखलेल्या पुढच्या खुर्च्यांवर आजच्या नियमाप्रमाणे त्यांचा हक्क नाही, आणि वीरपत्नींच्या रांगेत त्या बसणार नाहीत.